तालिबानवरच्या नोट्सचा सोलापुरी संच: घ्या, पण पेन हातात ठेवून वाचा

सोलापुरातल्या एका स्पर्धा परीक्षा वर्गाने काढलेला तालिबानवरचा मराठी नोट्सचा संच सध्या शहरातल्या बऱ्याच अभ्यासिकांमध्ये टेबलांवर पडलेला दिसतो. ए-फोर आकाराची 112 पानं, स्पायरल बाइंडिंग, मागे घडी घातलेला नकाशा, किंमत 160 रुपये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला आंतरराष्ट्रीय संबंध आणि तिसऱ्याला अंतर्गत सुरक्षा असते. हा विषय दोन्हीकडे लागतो आणि मराठीत त्यावर सलग, नीट मांडलेलं साहित्य कमी आहे. त्यामुळे संचाला मागणी आहे आणि ती रास्तही आहे.

निकाल आधीच सांगतो. उगमाची पहिली 38 पानं अतिशय चांगली आहेत, 160 रुपये त्यातच वसूल होतात. प्रसाराची पुढची 43 पानं मात्र जशीच्या तशी पाठ केली तर उत्तर चुकेल. काही चुका तारखांच्या आहेत, त्या पेनाने दुरुस्त होतात. दोन-तीन चुका समजुतीच्या आहेत आणि त्या जास्त घातक आहेत.

आधी जमलेलं सांगतो. तालिबान म्हटलं की बहुतेक नोट्स धर्मापासून सुरू होतात आणि धर्मापाशीच थांबतात. हा संच रस्त्यापासून सुरू होतो. एप्रिल 1978 मध्ये काबूलमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता घेतली, डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, फेब्रुवारी 1989 मध्ये परत गेल्या, एप्रिल 1992 मध्ये नजीबुल्लांचं साम्यवादी सरकार कोसळलं. हा सगळा भाग दीड पानात उरकलाय, तेवढा पुरतो. त्यानंतर काबूलवर हक्क सांगत मुजाहिदीन, म्हणजे सोव्हिएत फौजांशी लढलेले, गट एकमेकांवरच तोफा डागत होते आणि दक्षिणेत तर कुणाचंच राज्य नव्हतं. प्रत्येक कमांडरचा आपापला पट्टा, प्रत्येकाचं आपापलं फाटक.

इथे संचातलं सर्वात चांगलं पान येतं. पाकिस्तानातल्या चमनची सीमा ओलांडली की स्पिन बोल्डक आणि तिथून कंदाहार साधारण 100 किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते विजापूर एवढंच अंतर. तेवढ्या वाटेत कमांडरांच्या माणसांनी रस्त्यावर आडव्या साखळ्या बांधलेल्या. प्रत्येक साखळीपाशी ट्रक थांबणार, पैसे मोजणार, तेव्हा साखळी खाली पडणार. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याच्या आणि कंदाहारच्या ट्रकमालकांचा धंदा त्यात बुडत होता. रस्ता मोकळा करून देणारा कुणीही त्यांना हवा होता आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार होते. ज्या गावातून चादरी आणि टॉवेल ट्रकने देशभर जातात, त्या गावातल्या वाचकाला हा हिशोब दोनदा समजवावा लागत नाही. संचातली आकृतीही नेमकी आहे: एका बाजूला दहा साखळ्या, दुसऱ्या बाजूला एकच नाका आणि एकदाच भरायचा कर. तालिबानने ट्रकमालकांना काय दिलं, ते यातून एका नजरेत कळतं.

याच भागात दोन दुरुस्त्या करून घ्या. पहिली तारखेची. पाकिस्तानचे तेव्हाचे गृहमंत्री नसीरुल्ला बाबर यांनी मध्य आशियाकडे धाडलेला ट्रकांचा ताफा संचात 1995 साली दाखवलाय. तो 1994 चा आहे. क्रम असा लिहा: ऑक्टोबर 1994 च्या मध्यास तालिबानने स्पिन बोल्डक घेतलं आणि जवळचं शस्त्रांचं कोठार हाती लागलं. महिनाअखेर क्वेट्ट्याहून सुमारे 30 ट्रकांचा ताफा निघाला, तो कंदाहारजवळ स्थानिक कमांडरांनी अडवला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तालिबानने तो सोडवला आणि लगोलग कंदाहार घेतलं. स्पिन बोल्डक, ताफा, कंदाहार ही तीन पावलं एका ओळीत आली की स्थानिक रोष, व्यापाऱ्यांचा पैसा आणि पाकिस्तानचा पाठिंबा हे तिन्ही धागे कुठे गुंफले गेले ते दिसतं. साल चुकलं की हा गुंता सुटतच नाही.

दुसरी दुरुस्ती रणगाड्याच्या गोष्टीची. तालिबानचे संस्थापक मुल्ला ओमर यांनी 30 विद्यार्थी आणि 16 बंदुका घेऊन दोन पळवलेल्या मुली सोडवल्या आणि त्या कमांडरला रणगाड्याच्या नळीला फाशी दिली, हे संचात घडलेली घटना म्हणून छापलंय. ही चळवळीची आवडती जन्मकथा आहे, ती तशीच सांगावी: ‘असं सांगितलं जातं’ एवढे शब्द जोडा. चळवळ स्वतःबद्दल कोणती गोष्ट पसरवते हाही अभ्यासाचाच भाग आहे. लोकांना न्याय देणारे म्हणून आपली ओळख व्हावी, हे त्यांना पहिल्या दिवसापासून हवं होतं.

मदरशांचा भाग उत्तम आहे आणि एका वाक्याने बिघडलाय. उत्तम यासाठी की आकडा आणि कारण दोन्ही जागेवर आहेत. 1980 च्या दशकात 30 लाखांहून अधिक अफगाण निर्वासित पाकिस्तानात होते. छावणीतल्या मुलाला शाळा नाही, शेत नाही, पुष्कळांना बापही उरलेला नाही. मदरशात राहणं-खाणं फुकट. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात सरकारने गोळा केलेल्या जकातीचा, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानाचा, पैसा मदरशांकडे वळला, आखाती पैसा वेगळा. पाकिस्तानातल्या अकोरा खट्टकचा मदरसा दारुल उलूम हक्कानिया (स्थापना 1947) इथून पुढे आलेल्या तालिबान नेत्यांची यादी लांबलचक आहे. ज्या पिढीने गाव, जिरगा (पश्तून पंचायत), वडीलधारे असं काही पाहिलंच नाही, युद्ध आणि पाठांतर एवढंच पाहिलं, तिच्या हाती पुढे देश आला. एवढं स्पष्ट फार कमी नोट्समध्ये सापडतं.

आणि मग पान 31 वर वाक्य येतं: ‘तालिबानचा जन्म देवबंदमध्ये झाला.’ हे वाक्य खोडा, नुसतं कंस करून ठेवू नका. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातलं देवबंदचं दारुल उलूम 1866 सालचं आहे. त्या परंपरेतले उलेमा 1919 च्या जमियत उलेमा-ए-हिंदमध्ये होते, फाळणीच्या विरोधात उभे राहिले, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदमध्येच भरलेल्या मोठ्या परिषदेने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानच्या सरहद्दीवर त्याच शिकवणीची जी फांदी वाढली ती जिहादचा पैसा, बंदूक, निर्वासित छावणी आणि पश्तून रीतिरिवाज यांच्या मिश्रणातून वाढली. नाव एक, माती वेगळी. परीक्षक असं ढोबळ वाक्य पकडतो, हे एक. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं एकाच अभ्यासिकेत शेजारी-शेजारी बसून हा संच वाचतात, हे त्याहून मोठं. चुकीचं वाक्य 112 पानांत असलं काय आणि एका ओळीत असलं काय, शेजारच्या खुर्चीवरच्याला ते लागतंच. पुढच्या आवृत्तीत हे पान बदलायलाच हवं.

आता समजुतीची दुसरी चूक: ‘अमेरिकेने तालिबान तयार केलं.’ हे वाक्य चहाच्या टपरीवर चालतं, उत्तरपत्रिकेत गुण घालवतं. अमेरिकेने 1980 च्या दशकात मुजाहिदीन गटांना पैसा आणि शस्त्रं दिली, वाटप पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेमार्फत झालं, 1986 पासून विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रंही आली. ती मदत 1992 सुरू होण्याआधी थांबली आणि तालिबान 1994 मध्ये उभं राहिलं. दोन्हींत दुवा आहे, तो माणसांचा: मुल्ला ओमर यांचा डोळा सोव्हिएतविरोधी लढाईतच गेला, आणि अमेरिकी मदतीतले लाडके कमांडर जलालुद्दीन हक्कानी पुढे तालिबानला मिळाले. सोडून दिलेली लढाई, पडून राहिलेली शस्त्रं आणि बेकार झालेले लढवय्ये, इतकं लिहिलं तरी अमेरिकेची जबाबदारी नेमकी मांडली जाते.

तिसरी चूक ओसामा बिन लादेनची. संच म्हणतो तालिबानने त्याला बोलावून घेतलं. तो मे 1996 मध्ये सुदानहून जलालाबादला उतरला तेव्हा जलालाबाद तालिबानच्या हातात नव्हतं, ते सप्टेंबरमध्ये आलं. म्हणजे शहर मिळालं त्याबरोबर पाहुणाही मिळाला. अल कायदा 1988 ची, पेशावरची, अरब लढवय्यांची आणि जगभर पाहणारी. तालिबान कंदाहारचं, पश्तुनांचं, अफगाणिस्तानापुरतं पाहणारं. या दोहोंतला फरक ज्याला मांडता येतो त्याला ‘मग पाहुण्याला सोडलं का नाही’ हा प्रश्नही हाताळता येतो. संचात त्यावर अख्खं पान आहे आणि ते चांगलं आहे: पश्तुनवलीतला, म्हणजे पश्तुनांच्या रीतिनियमांतला, आश्रयाचा नियम, पाहुण्याचा पैसा आणि लढणारी माणसं, आणि ओमर यांचा हट्ट, तिन्ही मुद्दे आलेत.

प्रसाराच्या प्रकरणात संच धावतो. कंदाहारनंतर तीनेक महिन्यांत तेव्हाच्या 31 प्रांतांपैकी 12 प्रांत हाती आले, हे बरोबर दिलंय. पण ते ‘वादळासारखे पसरले’ असं म्हणून पुढे गेलेत. वादळ म्हटलं की कारण शोधायचं राहून जातं. पुष्कळ ठिकाणी लढाई झालीच नाही: कमांडरला पैसे दिले, माफी दिली किंवा पद दिलं, आणि त्याने हत्यारं खाली ठेवली. लोकांनाही रस्ता सुरक्षित झाला म्हणून सुरुवातीला बरं वाटलं. हे तंत्र जिथे चाललं नाही तिथे तालिबान आपटलं, आणि नेमका तोच भाग संचात नाही. मार्च 1995 मध्ये काबूलच्या वेशीवर मुजाहिदीन सरकारचे सेनानी अहमद शाह मसूद यांनी त्यांना मागे रेटलं. मे 1997 मध्ये उत्तरेतलं मझार-ए-शरीफ दगाबाजीने मिळालं, पण हजारा या शिया जमातीच्या लोकांची हत्यारं काढून घ्यायला गेल्यावर शहर उलटलं. शेकडो तालिबान रस्त्यांवर मारले गेले, पकडलेल्या दोनेक हजारांची नंतर कत्तल झाली. ऑगस्ट 1998 मध्ये तालिबान परत आलं आणि त्याने हजारा लोकांची सामूहिक कत्तल केली, इराणच्या वाणिज्य दूतावासातले मुत्सद्दी आणि एक पत्रकारही मारले. पश्तून मुलखात तडजोडीने पसरलेली चळवळ उत्तरेत वंशावर आणि पंथावर गेली, हा प्रसाराचा दुसरा अर्धा भाग आहे. दोन कोरी पानं घालून हा मजकूर स्वतः लिहून काढा, स्पायरल असल्यामुळे ते सोपं पडतं.

बाकीच्या तारखा बहुतेक बरोबर आहेत: हेरात सप्टेंबर 1995, कंदाहारमध्ये ओमर यांना अमीर-उल-मोमिनीन (श्रद्धावंतांचा नेता) ठरवलं एप्रिल 1996, काबूल सप्टेंबर 1996, मान्यता फक्त पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीची, 1997. तालिबानवर निर्बंध घालणारा सुरक्षा परिषदेचा ठराव 1267 संचात 2001 चा दाखवलाय, तो ऑक्टोबर 1999 चा. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च 2001. अफूचा तक्ता जरूर पाहा: 2000 साली बंदी आली आणि उत्पादन सुमारे 3,300 टनांवरून 2001 मध्ये 185 टनांवर आलं. संच इथे थांबतो. त्याखाली लिहा की एप्रिल 2022 मध्ये पुन्हा बंदी आली आणि 2023 मध्ये उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 95 टक्क्यांनी घसरलं. शेतकऱ्याला दुसरं पीक कोण देणार, हा प्रश्न दोन्ही वेळा तसाच राहिला.

2001 नंतरचं पुनरागमन 14 पानांत आहे आणि त्यातला समांतर न्यायालयांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सरकारी कोर्टात जमिनीचा दावा वर्षानुवर्षं लाच देत चालायचा, तालिबानचा फिरता काझी तो काही दिवसांत निकाली काढायचा. क्वेट्टा शूरा, म्हणजे तालिबानचं नेतृत्व मंडळ, पाकिस्तानातून आणि छुपे गव्हर्नर प्रांतांतून कर गोळा करत राहिले. पण दोहा कराराचं पान सपशेल चुकलंय. 29 फेब्रुवारी 2020 चा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला, अफगाण सरकार त्यात पक्षकार नव्हतं. संचात तिघांची नावं आहेत. सरकारला बाहेर ठेवून त्याच्याच तुरुंगातले 5,000 पर्यंत कैदी सोडण्याचं कबूल झालं आणि अमेरिकी फौजा 14 महिन्यांत निघणार हे ठरलं. अफगाण शिपायाने यातून काय अर्थ काढला हे समजलं तर ऑगस्ट 2021 चं कोडं उरत नाही. 6 तारखेला झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी पडली, 15 तारखेला काबूल. कागदावर सैन्य आणि पोलीस मिळून तीन लाख, त्यात न असलेल्या शिपायांच्या नावावर पगार, विमानं चालू ठेवणारे परदेशी कंत्राटदार निघून गेलेले, आणि जिल्ह्याजिल्ह्यात पुन्हा तीच 1994 ची तडजोड. आता या तडजोडीचं पान उगमाच्या पानाला जोडून वाचा, दोन्हींची पद्धत एकच आहे.

तालिबान, तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान आणि इस्लामिक स्टेट खोरासान यांना संचाने एकाच तक्त्यात ‘शाखा’ म्हणून बसवलंय. तो तक्ता पाहूच नका. तेहरीक डिसेंबर 2007 मध्ये बैतुल्ला मेहसूद याने बांधली, तिची लढाई पाकिस्तानी राज्याशी. निष्ठा ती अफगाण अमीराशी सांगते, पण नेतृत्व वेगळं. पेशावरच्या लष्करी शाळेवरचा 16 डिसेंबर 2014 चा हल्ला तिचा. खोरासान गट जानेवारी 2015 चा आणि तो तालिबानचा उघड शत्रू. 26 ऑगस्ट 2021 रोजी काबूल विमानतळावर 13 अमेरिकी सैनिक आणि सुमारे 170 अफगाण मारणारा स्फोट त्याचाच.

भारताचं प्रकरण ठीक आहे. डिसेंबर 1999 चं विमान अपहरण आणि कंदाहार, सुटलेल्या तिघांपैकी मसूद अझहर आणि 2000 सालची जैश-ए-मोहम्मद, भारताने अफगाणिस्तानात बांधलेला 218 किलोमीटरचा झरंज–देलाराम रस्ता आणि 2016 चं सलमा धरण, सगळं आहे. संच जुना असल्याने दोन गोष्टी जोडा: जुलै 2025 मध्ये रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली. ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी भारतात येऊन देवबंदलाही गेले आणि भारताने काबूलमधलं तांत्रिक कार्यालय पुन्हा दूतावास केलं. मान्यता आणि संपर्क यात फरक आहे, तो एका ओळीत लिहिता यायला हवा.

सगळ्यात खटकणारी उणीव बायकांची. मुलींची माध्यमिक शाळा 2021 पासून बंद, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठही बंद, आणि यावर 112 पानांत एकच ओळ. चळवळीने राज्य हाती आल्यावर काय केलं याचा सर्वात ठळक पुरावा हा आहे, त्याला निदान एक पान द्यायला हवं होतं.

नकाशाबद्दल. मूळ रंगीत प्रत चांगली आहे, पण बाजारात फिरणाऱ्या झेरॉक्स प्रतींत करडा रंग काळा होतो आणि हजारा मुलूख आणि पश्तून पट्टा एकच दिसतो. घेताना नकाशा उघडून पाहा. परीक्षेत स्वतः काढायचा तर आधी काबूल, नैर्ऋत्येला कंदाहार, पश्चिमेला हेरात असे तीन ठिपके आणि त्यांना जोडणारा मुख्य रस्ता काढा. मग उत्तरेला मझार, मध्ये बामियान, दक्षिणेला स्पिन बोल्डक. खालून पाकिस्तानच्या बाजूची सीमा, म्हणजे ड्युरंड रेषा, 1893. दोन मिनिटांत होतं.

250 शब्दांच्या 15 गुणी प्रश्नाला संचातलं नमुना उत्तर 410 शब्दांचं आहे, तीन तासांत 20 प्रश्न असताना ते कुणालाही लिहून होणार नाही. त्यातली सोव्हिएत युद्धाची पार्श्वभूमी दोन वाक्यांवर आणा. साखळ्या, छावणी-मदरसे आणि पाकिस्तान यांना 90 शब्द, तडजोडीने झालेला प्रसार आणि मझारचा अपवाद यांना 80, भारतावरच्या परिणामाला 50, उरलेले नकाशाच्या मथळ्याला आणि शेवटच्या मुद्द्याला.

बाइंडिंगची तक्रार किरकोळ आहे: पान 64 आणि 65 उलट लागलेत, आणि काही प्रतींत पान 88 दोनदा येतं. विकत घेण्याआधी ही तीन पानं आणि नकाशा तपासा. ज्यांना फक्त उगम हवा आहे त्यांनी पहिली 38 पानं मित्राकडून घेऊन वाचली तरी भागेल.